पुढे बसेल त्याने रस्ता बोलायचा

सोमवार, ३ मार्च

आज केंद्रावर एक समुपदेशक बाई आल्या आणि रुग्णवाहिकेवरच्या प्रत्येकाच्या हातात एकेक वही ठेवून गेल्या. रोज लिहा म्हणाल्या. ताण कशाने येतो, छातीत कधी धडधडतं, झोप कधी उडते, सगळं. वही कुणी वाचणार नाही, महिनाअखेरीला एक तक्ता तेवढा भरून द्यायचा. निम्म्या लोकांनी वही लगेच डब्याखाली घेतली. मी शाळेपासूनची आज्ञाधारक, त्यामुळे लिहिणार.

सहा वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होते. जानेवारीत इथे आले. नवरा म्हणाला, "बसून बसून कंटाळलीस वाटतं." वॉर्डात कुणी बसतं असं त्याला वाटतं, यावर मी काय बोलणार!

पहिल्या दिवशी केंद्रप्रमुख मॅडमनी माझे कागद चाळले आणि मग माझ्याकडे बघितलं. "चष्मा नाही?" नाही म्हटलं. "लांबचं स्वच्छ दिसतं?" हो म्हटलं. "मग तू मामांच्या गाडीवर." अनुभवाचं काही विचारतील म्हणून मी रात्रभर घोकून गेले होते. ते सगळं वाया गेलं.

मामा म्हणजे आमचे चालक. गाडीवर आम्ही दोघंच, ते आणि मी. एकोणतीस वर्षांची नोकरी, गाडीला आजवर एक ओरखडा नाही. सात महिन्यांनी निवृत्त होणार. मॅडमसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या गाडीत एक शिस्त आहे. रुग्णाकडे जाताना पुढे बसेल त्याने रस्ता बोलायचा. "डावीकडे सायकल. समोर खड्डा. सिग्नल लाल. म्हातारी रस्ता ओलांडतेय." सारखं बोलत राहायचं. पहिल्या आठवड्यात माझा घसाच बसला. आता सवय झाली आहे. इतर गाड्यांवर ही पद्धत नाही, तिथे लोक खुशाल मोबाईल बघत बसतात. मला उलट बरं वाटतं, आपण काहीतरी नीट शिकतोय.

गुरुवार, ६ मार्च

ताणाची कारणं, वहीबाईंसाठी. चौथा मजला, लिफ्ट बंद, रुग्ण शंभर किलोचा. नातेवाईक, ते तर पहिल्या नंबरावर. आज एकाने माझी कॉलर धरली, कारण आम्ही "चालत" आलो. त्याच्या वडिलांचं हृदय थांबलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी जमिनीवर मी बावीस मिनिटं छाती दाबत होते. बरगडी तुटल्याचं तळहाताला कळतं. हा मुलगा तेवढा वेळ माझ्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओरडू नकोस बाळा, मोज. ती दाबतेय ते मोठ्याने मोज." तो मोजायला लागला. वडील गेले. जाताना त्याने मामांचे हात धरले, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

एवढं होऊनही मी शांत होते. संध्याकाळी जेवले पोटभर. फक्त मान आखडली आहे, दोन आठवडे झाले. उशी बदलायला हवी.

मंगळवार, ११ मार्च

मामांच्या जोडीला असण्याचा मोठा फायदा म्हणजे रात्रपाळी नाही. ती ते दुसऱ्यांना देऊन टाकतात आणि बदल्यात रविवारची पाळी घेतात. "म्हातारपणी रात्री घरी बायको बरी," म्हणतात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, त्यामुळे मला हे सोन्याहून पिवळं.

माणूस मात्र जरा विचित्र आहे. बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. सुरुवातीला मी दोनदा कानातलं चाचपलं. आता वाटतं, जुन्या वळणाचे आहेत, परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघू नये म्हणत असतील.

आज एक गंमत झाली. प्रथमोपचाराच्या खोलीत डोळे तपासायचा तक्ता टांगलेला आहे, वरती मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. मामा म्हणाले, "सिस्टर, तो तक्ता मला जाड पेनाने उतरवून देता का? एकेक अक्षर तळहाताएवढं मोठं. नातीला डॉक्टर-डॉक्टर खेळायचंय." मी म्हटलं, सगळं मोठं केलं तर तिला आंधळा पेशंट कुठून मिळणार? ते खूप हसले. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत उतरवून दिलं, चार मोठे कागद भरले. मग म्हणाले, "वाचूनही दाखवा एकदा, माझं काही चुकायला नको." वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. नातीचं एवढं कौतुक असणारा आजोबा मी तरी पाहिला नाही.

शनिवार, १५ मार्च

चालकांची वार्षिक तपासणी झाली. मामा पास. डॉक्टर म्हणे चकित झाले, या वयात बिनचष्म्याची अशी नजर! मामांनी सगळ्या केंद्राला चहा पाजला. उंच्या आला होता मुद्दाम. हा माझ्याआधी मामांच्या गाडीवर होता, आता नियंत्रण कक्षात बसून वायरलेसवर आम्हाला पत्ते देतो. मी त्याला विचारलं, गाडी सोडून खुर्चीवर कसा रमलास? तो म्हणाला, "मान धरली होती माझी." मग मामांकडे बघून हळूच म्हणाला, "सांभाळ हां त्यांना." सांभाळायला ते काय लहान आहेत? मला तेच सांभाळतात.

बुधवार, १९ मार्च

वहीबाईंनी मनगटावर बांधायला नाडी मोजणारी घड्याळं दिली आहेत, आठवडाभरासाठी. आज पहिले आकडे बघितले आणि मलाच हसू आलं. रुग्णाजवळ माझी नाडी ब्याऐंशी. रक्त असो, किंकाळ्या असोत, ब्याऐंशी. पुढच्या सीटवर बसले की एकशे चोवीस, एकशे तीस. बाई म्हणाल्या, कुठे चाललोय ते माहीत नसण्याचा तो ताण, स्वाभाविक आहे. असेल. पण पत्ता, आजार, वय, सगळं तर माहीत असतं.

संध्याकाळी नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून भाजी आणायला गेले. चौकात मी म्हणे ओरडले, "हिरवा झाला, चल! उजवीकडून रिक्षा!" तो म्हणाला, "अगं, दिसतंय मला. आंधळा आहे का मी?" घरी येऊन शर्ट काढला तर त्याच्या खांद्यावर माझ्या पाच बोटांचे वळ. खजील झाले. मुलगी म्हणाली, "आई बाबांना चालवत होती." बापलेक कितीतरी वेळ खिदळत होते.

सोमवार, २४ मार्च

लिहायला बसले आहे खरी, पण क्रम लागेना. आधी घडलं ते लिहिते.

सकाळी साडेदहाला पत्ता आला. पंचविशीतला रंगारी, दुसऱ्या मजल्यावरून पडलेला. जाताना मी रस्ता बोलले, वेळेत पोचलो. श्वास अगदी तुटक, पुरत नव्हता. त्याचे सोबती घरच्यांना आणायला पळाले, गाडीत कुणीच आलं नाही. मी मागे, एका हाताने त्याच्या तोंडावर मास्क दाबलेला, दुसऱ्या हाताने श्वासाची पिशवी. दर सहा सेकंदांनी एकदा दाबायची. दाबली नाही तर त्याला श्वास नाही, इतकं ते सोपं होतं.

रुग्णालयाचा रस्ता मामांना पाठ आहे. एकोणतीस वर्षांत हजारो वेळा गेलेत. आज तो मध्येच खोदलेला निघाला. कुणीतरी हात करून आम्हाला आतल्या रस्त्याने वळवलं. गाडी हळू झाली. मग आणखी हळू. मी ओरडले, "मामा, काय झालं?" मागच्या आणि पुढच्या भागात एक वीतभर खिडकी आहे. त्यातून त्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"सिस्टर, समोर लाल आहे का हिरवा?"

"मामा, मी मागे आहे!"

"माहीत आहे. सांगा."

त्या क्षणी मला कळलं. हळूहळू वगैरे नाही, एकदमच. कान, रात्रपाळी, तक्ता, सगळं एकाच वेळी. आणि हात पिशवीवर.

मग मी तेच केलं जे करता येत होतं. दाबायची, मास्क न सोडता मान वळवून खिडकीतून बघायचं, ओरडायचं, परत वळायचं. "हिरवा, जा!" दाब. "डावीकडे हातगाडी!" दाब. "मुलं, मुलं, थांबा!" त्या वेळी एक श्वास चुकला. रंगारी मुलगा निळसर दिसायला लागला. दोन लागोपाठ दिले. एकीकडे रस्त्यातली मुलं आणि एकीकडे हा, आणि दोन्हीकडे बघायला मी एकटी. सात मिनिटं चाललं हे. कुणाला धक्का लागला नाही. मुलगा वाचला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला शाबासकी दिली. मॅडमनी फलकावर आमच्या दोघांची नावं लिहिली, रंगीत खडूने.

मी स्वच्छतागृहात जाऊन ओकले.

मंगळवार, २५ मार्च

सुट्टी. घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या. धुतलेल्यासुद्धा.

बुधवार, २६ मार्च

आज गाडी धुवायला उभी होती तेव्हा मी दोन्ही दारं लावून घेतली आणि म्हटलं, "मामा, माझ्याकडे बघा."

त्यांनी कानाकडे बघितलं.

"तोंडाकडे."

"तोंड नाही दिसत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. नजरेच्या मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघायला जावं नेमकं तेच जातं, बाजूचं सगळं राहतं. तुम्ही समोर बसलात की मला तुमचे कान दिसतात, केस दिसतात. तोंड कसं आहे हे मला ठाऊक नाही सिस्टर, खरं सांगतो."

तीन महिने या माणसाच्या शेजारी बसते आहे. त्यांचे शब्द झेलते, त्यांच्या शाबासकीने फुलते. आणि त्यांनी मला कधी पाहिलंच नाही. मला रागच आला आधी. रडूही आलं, ते त्यांना दिसलं नसेल म्हणून पुसलं नाही.

"औषध?"

"याला औषध नाही म्हणाले. खासगीत दाखवलं होतं, लांब जाऊन."

"मग तुम्ही चालवता कसे मामा? माणसं घेऊन!"

"एक ओरखडा दाखवा गाडीवर," ते म्हणाले. तेवढं बोलताना त्यांचा आवाज चढला. मग उतरला. "सात महिने राहिलेत. सरळ रस्त्याने घरी जाऊ द्या मला. गाडीतून उतरवलेला माणूस म्हणून नको."

मी म्हटलं, त्या रंगाऱ्याच्या आईला जाऊन सांगा हे.  मग मीच म्हटलं, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा मॅडमना. तुमच्या तोंडून कळू दे, मानाने. सोमवारपर्यंत." त्यांनी मान हलवली. "सोमवारी सांगतो पोरी." पहिल्यांदाच पोरी म्हणाले.

रविवार, ३० मार्च

गुरुवारपासून आजपर्यंत अकरा रुग्ण आणले. मी रोज गाडीत बसले. रोज रस्ता बोलले. परत येताना मागे रुग्ण आणि खिडकीकडे वळलेली माझी मान. मी त्यांना मुदत दिली असं मला वाटत होतं, मोठं मन दाखवलं असं. आज हिशेब केला तर ती मुदत मी या अकरा जणांच्या जिवावर दिली होती, त्यांना न विचारता.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजच फोन कर मॅडमना." मी म्हटलं, शब्द दिलाय, उद्यापर्यंतचा. तो म्हणाला, "शब्द त्यांना दिलास. आम्ही तुला रोज त्या गाडीत पाठवतो, आम्हाला कुणी काही विचारलं का?"  तरी फोन केला नाही.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी आठला गेले. मॅडम त्यांच्या खोलीत होत्या, दार उघडं होतं. मामा त्या दाराजवळून गेले, क्षणभर थांबले, आणि सरळ गाडीकडे चालत जाऊन चालकाच्या जागेवर बसले. मी खिडकीशी गेले. "मामा, सोमवार आहे." ते समोर बघत म्हणाले, "दुपारी सांगतो."

तेवढ्यात वायरलेस वाजला. उंच्याचा आवाज. साठीचे गृहस्थ, एकदम तोंड वाकडं झालेलं, बोलणं जडावलेलं, उजवा हात लुळा. अंतर चार किलोमीटर. यात मिनिटं किती महत्त्वाची असतात ते मी स्वतः नव्या मुलींना शिकवत असे.

मामांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी आत बसले नाही. मला ही गाडी चालवता येत नाही, नाहीतर मी चालवली असती. मी जाऊन गाडीच्या समोर उभी राहिले.

त्यांनी हॉर्न दिला. "सिस्टर, माणूस मरतोय तिकडे!"

"मी कुठे उभी आहे मामा?" मी विचारलं. नको होतं विचारायला. ते विचारताना मला माझीच चीड आली.

मग मी त्यांच्या खिडकीतून हात घालून वायरलेस उचलला. तो खुला असतो, आठही गाड्यांना ऐकू जातो. मी म्हटलं, "आमची गाडी बंद आहे. दुसरी पाठवा."

"काय बिघाड आहे?" उंच्याने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. ब्रेक, टायर, काहीही. पण दुपारी परत बोलावणं आलं असतं, आणि उद्या सकाळी, आणि सात महिने. मी म्हटलं, "चालकांना दिसत नाही."

 मग उंच्याचा आवाज आला, बारीक. "ऐकलं. दुसरी गाडी निघाली. नऊ मिनिटं जास्त लागतील."

मामांनी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते. मॅडम धावत बाहेर आल्या. त्यांनी मला ओढतच खोलीत नेलं आणि दार लावलं. "दुसरी वेळ सापडली नाही तुला? माणूस मरणाच्या दारात असताना?"

"पाच दिवस होते," मी म्हटलं. "माझं चुकलं."

"मला येऊन सांगायचं."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्या खुर्चीत बसल्या. "तुला चष्मा नाही म्हणून तुला तिथे बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "उंच्याही त्यासाठीच होता. सात महिनेच राहिले होते गं. त्यांनी माझ्या वडिलांना उचलून आणलं होतं या गाडीत, मी कॉलेजात असताना."

मग मामांना आत बोलावलं. गाडीवरून उतरवल्याचा कागद भरायचा होता. मामा टेबलाशी उभे राहिले, कागद हातात धरून, डोकं एका बाजूला करून. खूप वेळ. मग कागद माझ्यापुढे धरला. "सही कुठे करायची ते दाखवा." मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्यांनी सही केली, अगदी सरळ, वळणदार. जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी उंच्याला फोन केला. ते गृहस्थ जिवंत आहेत. उजवा हात हलत नाही, बोलणं समजत नाही. मी विचारलं, नऊ मिनिटं आधी पोचलो असतो तर? तो म्हणाला, "ते कुणीच सांगू शकत नाही." मग म्हणाला, "मी वर्षभर गप्प बसलो. तू मला विचारू नकोस."

वहीबाईंचा तक्ता आजच द्यायचा होता. ताणाचं प्रमुख कारण एका ओळीत लिहा. कोरा दिला.

शुक्रवार, ४ एप्रिल

केंद्रावर कुणी उघड काही बोलत नाही. मी गेले की चहाच्या टेबलाशी जागा होते, एकेक जण उठतो. नवा चालक यायचा आहे.

दुपारी मामांच्या घरी गेले. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरले होते, तिसऱ्यांदा गेले. तळमजल्यावरचं घर, बाहेर तीन पायऱ्या, दोरीवर त्यांचा खाकी गणवेश वाळत घातलेला. कशाला धुतला असेल आता?

दार मामींनी उघडलं. याआधी आम्ही भेटलो नव्हतो, पण त्यांनी मला ओळखलं. "आता काय राहिलंय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मला मामांना भेटायचं आहे. माफी मागायची आहे. खरं तर काय मागायचं आहे ते मलाच माहीत नव्हतं. ज्या माणसाचा हात लुळा पडला त्याचीही मागायची होती, पण त्याच्या दारात जायची माझी हिंमत नव्हती.

मामी दारातच उभ्या राहिल्या. मला आत घ्यावं की नाही ते ठरत नसावं. मग त्यांनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"झोपलेत."

"मी नंतर येते."

"सोमवारी घरी आले ते अंथरुणावर पडले. जेवायला उठतात, परत झोपतात. मी घाबरले, डॉक्टरना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, झोप आहे." त्या थांबल्या. "दोन वर्षं हा माणूस रात्री पलंगावर बसून असायचा. मी विचारलं की म्हणायचे, उद्याचे रस्ते आठवतोय. कुठे वळण, कुठे चौक. पहाटेपर्यंत. मला म्हणायचे, एक चुकलं तर एक माणूस जाईल."

मी दोरीवरच्या गणवेशाकडे बघत राहिले.

"उठवू का?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं. त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला, पण आत या म्हणाल्या नाहीत. दार हळूच लोटून घेतलं, आवाज होऊ न देता. मी पायरीवर बसून ते पाणी प्यायले. आतून घोरणं ऐकू येत होतं.